अल्पमोली, बहुगुणी

आमच्या घरात आजवर जे काही मद्य शिरले ते औषधाच्या फडताळातून शिरले. द्राक्षासवाची एक बाटली तेथे नेहमी असे आणि तिच्या शेजारी दशमूलारिष्टाची. घरात कोणाला भूक लागेनाशी झाली म्हणजे आमच्या मातुःश्री जेवणानंतर दोन चमचे द्राक्षासव तितक्याच पाण्यात घालून देत. आणि त्या गोड, किंचित झोंबणाऱ्या दोन चमच्यांसाठी आम्हां भावंडांची भूक वारंवार मंदावत असे. आसवात धायटीची फुले घालून ते महिनाभर मुरवतात आणि त्यातले मद्य त्यातच तयार होते, ही गोष्ट आम्हांस पुष्कळ वर्षांनी कळली. तोपर्यंत मातुःश्री निवर्तल्या होत्या. त्या असत्या तरी हे त्यांच्या कानांवर घालण्याचे धैर्य आम्हांस झाले असते असे वाटत नाही.

असे आमचे कुळ. आजोबा बोर्डीच्या बाजूस शाळामास्तर होते. त्यांनी तरुणपणी ताडी-माडीस शिवणार नाही अशी शपथ घेतली आणि ती मुलांकडून व नातवंडांकडूनही घेवविली. आम्हीही मास्तरच झालो. एकतीस वर्षे शिकविले, त्यातली अकरा तलासरीकडे. आता डहाणूस घर करून राहिलो आहो. पेन्शनीत दोघांचे नीट चालते. तिसरा आला म्हणजे हिशेबाची वही उघडावी लागते.

तो तिसरा गेल्या माघात आला. आमचा भाचा नऊ वर्षे फ्रान्सात ल्यों शहरी असतो. येण्यापूर्वी त्याचा दूरध्वनी आला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर तो जरा चाचरत म्हणाला, "मामा, रात्री जेवताना पेलाभर वाइन घेतली तर मामींना चालेल ना? मी येताना काही आणत नाही. तिकडची असेल ती पाहू." आम्ही मोठ्या उदारपणे "अरे, चालेल, चालेल," असे सांगितले आणि दूरध्वनी खाली ठेवल्यावर सौभाग्यवतींकडे पाहिले. त्या तांदूळ निवडीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पाहुण्याला लागते ते द्यावे. पण आठ दिवसांचे मिळून हजारावर एक रुपया नाही."

डहाणूत स्वस्त मद्याची चौकशी केली की जो तो उत्तरेकडे बोट दाखवितो. आमच्या या मुलखाची मौजच आहे. तलासरी हा महाराष्ट्राचा या बाजूचा शेवटचा तालुका. त्याच्या पलीकडे गुजरात, तेथे दारूबंदी. आणि गुजरातच्या पोटात पुन्हा दमण आणि दादरा-नगरहवेली, तेथे दारू स्वस्त. दमण 1961 च्या डिसेंबरापर्यंत पोर्तुगिजांकडे होते. दादरा-नगरहवेली त्याआधी, 1954 साली, सुटली. 2020 पासून दोन्हींचा मिळून एक केंद्रशासित प्रदेश झाला आहे. म्हणजे सकाळी निघालेला मनुष्य जेवणवेळेच्या आत तीन निरनिराळ्या कायद्यांखाली तहानलेला राहू शकतो. आमच्या एका स्नेह्यांनी दमणहून दोन बाटल्या पिशवीत कोथिंबिरीखाली घालून आणण्याचा मार्ग आम्हांस सविस्तर समजावून दिला. आम्ही त्यांचे आभार मानले. एकतीस वर्षे नागरिकशास्त्र शिकविलेल्या माणसाने कोथिंबिरीखाली काही घालू नये, एवढे आम्हांस कळत होते. शिवाय नाक्यावर झडती घेणारा शिपाई आमचाच विद्यार्थी निघण्याचा संभव होता.

तेव्हा आम्ही राजमार्गाने एका दुकानी गेलो. दुकान पश्चिमाभिमुख होते. समोर काचेचे कपाट, त्यात बाटल्या शिपायांसारख्या ताठ उभ्या, आणि त्यांवर दुपारचे ऊन स्वच्छ पडलेले. त्यातली सर्वांत स्वस्त तांबडी बाटली आम्ही घेतली. तिच्या चिठ्ठीवर द्राक्षांचा घोस फार सुबक काढला होता. भाच्याने ती रात्री उघडली, पेल्यात थोडी ओतली, हुंगली, आणि अत्यंत सभ्यपणे खाली ठेवली. सौभाग्यवतींनी हुंगून पाहिले आणि त्या एका शब्दात म्हणाल्या, "शिरका." तो पुढे कांद्याच्या लोणच्यास कामी आला. हजारातले साडेतीनशे असे गेले.

त्या रात्री ओसरीवर बसून भाच्याने आम्हांस जे सांगितले ते थोडे पैसे बाळगून असणाऱ्या कोणाच्याही उपयोगी पडेल, म्हणून येथे देतो. तो म्हणाला, "मामा, बाटली घेताना चिठ्ठीकडे पाहू नये, ती कुठे उभी आहे ते पाहावे. वाइनचे तीन शत्रू: ऊन, उकाडा आणि हवा. बूच असलेली बाटली आडवी ठेवतात. उभी ठेवली म्हणजे बूच सुकते आणि हवा आत जाते. तुमच्यासारख्या उष्ण गावात बुचापेक्षा फिरकीचे झाकण बरे. आणि जुनी ती चांगली हे सोन्याला खरे, थोड्या पैशांतल्या वाइनला नव्हे. स्वस्त वाइन नवी असतानाच प्यावी. नाशकाकडे द्राक्षे जानेवारी ते मार्चात तोडतात. तेव्हा पांढरी घ्यावी, त्यातल्या त्यात अलीकडच्या हंगामाची घ्यावी, गार जागेतली घ्यावी."

ल्योंच्या उत्तरेस बोजोले म्हणून मुलूख आहे, तेथील नवी वाइन दर वर्षी नोव्हेंबराच्या तिसऱ्या गुरुवारी विक्रीस निघते. द्राक्षे तोडल्याला तेव्हा दोन-अडीच महिनेच झालेले असतात. लोक ती हौसेने पितात, आणि ती मुरवीत ठेवण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. ही हकीकत सांगून त्याने एक प्रश्न टाकला, तो मात्र आमच्या डोक्यात घर करून बसला. "तीनशे रुपयांच्या बाटलीत द्राक्ष किती रुपयांचे असते?" काच, झाकण, चिठ्ठी, खोके, गाडीभाडे यांस जे पडते ते स्वस्त बाटलीला आणि महाग बाटलीला जवळजवळ सारखेच, त्यावर कर आणि दुकानदाराची कमाई निराळी. हे सर्व वजा जाता स्वस्त बाटलीत खुद्द वाइनीच्या वाट्यास फारच थोडे येते. गिऱ्हाईक बहुतेक पैसे काचेचे देते.

दुसऱ्या दिवशी त्याच्या सांगण्याप्रमाणे दुसऱ्या दुकानातून, थंड कपाटातली, फिरकीच्या झाकणाची नाशिकची एक पांढरी अर्धी बाटली आणली. शेनिन ब्लाँ या जातीच्या द्राक्षाची ती होती. ती खरोखर चांगली निघाली. तळलेल्या बोंबलाबरोबर ती भाच्याने संतोषाने घेतली, आणि आम्हीही, आजोबांच्या शपथेत द्राक्षाचा उल्लेख नव्हता असा अर्थ लावून, अर्धा पेला घेतला. मग बोर्डीची चिकूची वाइन झाली. चिकू हे मूळचे मध्य अमेरिकेकडचे झाड. आमच्याकडे ते घोलवडास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आले असे सांगतात. आज आमच्या या किनारपट्टीची ओळखच ते झाले आहे; 2016 साली डहाणू-घोलवडच्या चिकूस भौगोलिक मानांकनही मिळाले. पण हे फळ मोठे उतावळे. पिकले की दोन-चार दिवसांत संपले पाहिजे, आणि सगळ्या वाड्या एकदम पिकल्या की भाव कोसळतो. त्यामुळे चिकूची वाइन करण्याची कल्पना बोर्डीस निघाली, ती आम्हांस फार शहाणपणाची वाटते. चवीस ती सौम्य, किंचित गुळचट आणि चिकूच्या सालीजवळचा जो एक तुरटपणा असतो तो जपणारी. सौभाग्यवतींस ती नाशिकच्या वाइनहून आवडली. त्यांचे मत विचारले नव्हते, तरी त्यांनी ते दिले.

वहीत आता शंभरावर थोडे उरले होते आणि पाहुणा अजून चार दिवस राहावयाचा होता. अशा वेळी त्याने, ज्या प्रश्नाची आम्हांस पहिल्या दिवसापासून धास्ती होती, तो विचारला.

"मामा, इथे ताडी चांगली मिळते ना?"

आम्ही ज्या भिंतीस टेकून बसलो होतो तिच्यावर वारली चित्र टांगलेले आहे. डहाणू तालुक्यातील गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्यामुळे ही कला जगभर गेली. त्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. तेव्हापासून आमच्या थरातल्या घरांत असे एक चित्र असणे हे सुशिक्षितपणाचे लक्षण समजले जाते. आमच्या चित्रात मधोमध एक उंच ताड आहे, त्यावर चढलेला माणूस आहे, शेंड्याला मडके आहे आणि खाली वाट पाहणारे चौघे आहेत. बारा वर्षे ते चित्र आम्ही येणाऱ्याजाणाऱ्यास कौतुकाने दाखवीत आलो. भाच्याने त्याकडे बोट केले आणि आम्ही गप्प झालो.

गप्प होण्याचे कारण शपथेपेक्षा निराळे होते. तलासरीकडे असताना आमच्या शाळेत एका पाड्यावरची एक वारली मुलगी होती. बुद्धीने तल्लख, पण भाताच्या लावणीस आणि गवताच्या कापणीस शाळेतून नाहीशी होणारी. तिच्या आज्याला आम्ही चार वेळा जाऊन भेटलो, समजावले, आणि अखेर ती सातवीची परीक्षा पास झाली. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो आजा शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. हातात वाळविलेल्या दुध्याचा तुंबा, तोंडाला पानांचा बोळा. पहाटे उतरविलेली ताडी तो मास्तरांसाठी घेऊन आला होता. त्याच्या घरी देण्यासारखे त्याहून चांगले काही नव्हते. आम्ही काय करावे? सगळ्या वर्गासमोर, त्या मुलीसमोर, आम्ही त्याला व्यसनाच्या दुष्परिणामांवर व्याख्यान दिले. ते पंधरा मिनिटे चालले असावे. आमचा आवाज त्या काळी चांगला होता. तो ऐकून घेऊन तुंब्यासह परत गेला.

ही हकीकत आम्ही भाच्याला सांगितली नाही. "एक जण ओळखीचा आहे," एवढेच म्हणालो.

ताडीला तिच्या गावी जाऊनच भेटावे लागते, ती घरी येत नाही. तिचा स्वभावच तसा आहे. ताडात नर आणि मादी झाडे निराळी. मादीला ताडगोळे येतात, पण रस दोघेही देतात. फुलोऱ्याच्या दांड्या बांधून, दिवसेंदिवस दाबून नरम करतात आणि मग टोकाशी कागदासारखा पातळ काप घेतात. त्याला छेवणे म्हणतात. छेव घेतला की रस थेंबथेंब मडक्यात पडतो, आणि जखम बुजू नये म्हणून रोज, सकाळी आणि संध्याकाळी, वर चढून नवा छेव घ्यावा लागतो. मडक्याला आतून चुना लावला तर रस गोड राहतो, ती नीरा. चुना नसला तर हवेतली आणि मडक्यातली किण्वे लगेच कामाला लागतात: पहाटे गोडी अधिक, दुपारी मद, संध्याकाळी आंबटपणा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आमच्या पहिल्या बाटलीतला शिरका. बोजोलेची वाइन काही महिन्यांत प्यावी लागते, ही काही तासांत. म्हणून शहरात बाटलीतून जी मिळते तिला ताडी म्हणणे हा केवळ शिष्टाचार होय. तिच्यात पाणी, साखर, आणि कित्येक ठिकाणी क्लोरल हायड्रेटासारखे गुंगीचे विषारी औषध मिसळलेले पकडले गेले आहे. तेव्हा चांगली हवी असेल तर झाडाखाली जावे, आणि उजाडण्यापूर्वी जावे.

शेजाऱ्यांची मोटार मागून घेतली आणि पहाटे चारला निघालो. पेट्रोल आमचे. उधव्यावरून जाताना थंडी काचेतून आत येत होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांस ताड काळे उभे होते. भाचा विचारीत होता आणि आम्ही, मास्तरकीच्या जुन्या सवयीने, सांगत होतो. या मुलखात ताडी कधी काळी विकत घेण्याची वस्तूच नव्हती. ज्याच्या शिवारात झाड त्याने ते छेवावे, देवाला थेंब वाहावे, सोयऱ्यांना पाजावे. मग 1878 साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा झाला. छेवायच्या झाडावर कर बसला, परवाना लागला, विक्रीचे मक्ते दिले गेले, आणि वारल्याला स्वतःच्या बांधावरच्या झाडाचा रस दुकानात जाऊन, बहुधा उधारीने, घ्यावा लागू लागला. त्या उधारीपायी पुढे काय काय गहाण पडले ते या तालुक्यात विचारावयास नको. झरी गावात 1945 च्या मे महिन्यात किसान सभेच्या परिषदेस हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही असे ठरवून उठले, तेव्हा हा मुलूख उंबरगाव तालुक्यात मोडत होता. गोदावरी परुळेकरांनी त्या लढ्याचा वृत्तान्त लिहून ठेवला आहे.

आणि आजोबांची शपथ? तिच्याबद्दलही त्या काळोख्या रस्त्यावर आम्हांस प्रथमच नीट विचार करणे भाग पडले. 1922 साली पालघरच्या किनाऱ्यावरील कोळ्यांत देवीच्या संचाराची एक लाट उठली. देवी अंगात येऊन सांगे: दारू सोडा, ताडी सोडा, रोज स्नान करा, मक्तेदाराच्या दुकानाची पायरी चढू नका. ती लाट आदिवासी पाड्यांतून उत्तरेस थेट दक्षिण गुजरातपर्यंत गेली. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने तिच्यावर 1987 साली एक सबंध पुस्तक लिहिले आहे. आजोबांची शपथ त्याच सुमाराची. म्हणजे ती शपथ झाडाविरुद्ध नव्हती, मक्त्याविरुद्ध होती. पण आमच्या घरात येईपर्यंत तिच्यातला मक्तेदार गळून गेला आणि मागे राहिला तो झाडावर चढणारा वारली. त्याला आम्ही व्याख्यान दिले.

गांधीजींचेही या झाडाशी असेच दोन प्रकारचे वर्तन झाले. 1930 साली दांडीच्या आसपास स्वयंसेवकांनी ताडी देणारी झाडे तोडली. आणि पुढे चार-पाच वर्षांतच ग्रामोद्योग संघाच्या कामात गांधीजी त्याच रसापासून गूळ करण्याचा पुरस्कार करू लागले. आमच्या डहाणूस खादी आयोगाची ताडगुळाची संस्था आहे. 2021 च्या जूनमध्ये तिच्याद्वारे नीरा आणि ताडगूळ काढण्याचे काम पुन्हा सुरू करण्यासाठी येथील 200 कारागिरांना अवजारे देण्यात आली. पण ताडगुळाचे पुढे काय झाले हा विषय येथे वाढवीत नाही, कारण एवढ्यात पाडा आला होता.

म्हातारा उठून बसलाच होता. ओळखील की नाही या शंकेत आम्ही उभे राहिलो, तोच तो म्हणाला, "गुरजी, तू उशिरा आलास." त्याची बोली आम्ही आमच्या मराठीत लिहीत आहो, 'तू' मात्र त्याचाच आहे, कारण वारली बोलीत लहानथोर सर्वांस तेच एक सर्वनाम आहे, आणि ते ऐकून आमचे एकतीस वर्षांचे गुरुजीपण क्षणात उतरले. उजाडावयास अजून अवकाश होता, तरी उशीर कशाला म्हणाला ते आम्ही विचारले नाही.

ताड घरामागेच होता. साठ फुटांहून कमी नसावा. आम्हांस वाटले, कोणी तरुण चढेल. पण म्हाताऱ्याने कमरेला कोयती अडकविली, पायांत दोराचा फेर घातला, आणि आमच्या देखत तो वर जाऊ लागला. वयाने तो सत्तरीच्या पुढचा होता. मध्येच तो थांबला, गुडघा झाडाला टेकून. खालून आम्हांस त्याचा श्वास ऐकू येत होता. भाच्याने आमचा दंड धरला होता तो, मडके दोरीने खाली येईपर्यंत, सोडला नाही.

खाली उतरल्यावर म्हाताऱ्याने फडक्यातून रस गाळला. चार-सहा बुडालेल्या मधमाश्या फडक्यावर राहिल्या. पहिले थेंब त्याने जमिनीवर सोडले, मग पळसाच्या पानांचे द्रोण आमच्या हातांत दिले. ती चव कशी होती? पांढुरकी, गढूळ, रात्रीच्या थंडीने गार. जिभेवर आधी गोड, मग सुईच्या टोकांसारखे बुडबुडे, शेवटी कोवळ्या खोबऱ्याची आठवण आणि अगदी थोडी कडसर झाक. भाचा द्रोण रिता करून काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, अशी गढूळ, आपोआप आंबलेली, न गाळलेली द्राक्षाची वाइन हल्ली पॅरिसात लोक मुद्दाम शोधून, महाग पैसे देऊन पितात. तीही इतकी ताजी नसते." आम्ही हे म्हाताऱ्याला समजावून सांगितले. त्याला ते फारसे विशेष वाटले नाही. "तिकडे ताड नसतील," तो म्हणाला.

आम्हांस भाच्याचा तो प्रश्न आठवत होता. येथे काच नव्हती, बूच नव्हते, चिठ्ठी, खोके, गाडीभाडे, दुकानदार, काही नव्हते. सारी किंमत रसाचीच. पण ती किंमत कोणती, हे साठ फुटांवर गुडघा टेकून थांबलेल्या त्या माणसाकडे पाहिल्यावर वहीत कोणत्या खात्यावर मांडावे ते आम्हांस कळेना. आम्ही शंभराची नोट पुढे केली. त्याने ती पाहिली आणि मान हलविली. "मी विकत नाही, घरापुरती काढतो. विकायला परवाना लागतो," तो म्हणाला, आणि हसला. त्या हसण्यात 1878 चा कायदा सगळा होता की नुसता विनोद होता, कोण जाणे.

मग गोष्टी झाल्या. नातू वापीस कारखान्यात जातो, पहाटे जातो, रात्री येतो. झाडावर चढत नाही. "बरे आहे," म्हातारा म्हणाला. पलीकडच्या पाड्यावरचा एक जण मागल्या हंगामात पडला, कमरेखाली अधू झाला. नात, आमची विद्यार्थिनी, कासा येथे परिचारिका आहे. तिने आज्याला चढू नको म्हणून बजावले आहे. "हा साल शेवटचा, तिला सांगितले आहे. मागल्या सालीही तेच सांगितले होते."

निघताना आम्हांस राहवेना. आम्ही म्हणालो, "आजा, तेव्हा शाळेत तू ताडी आणली होतीस, ती आम्ही..."

त्याने हात हलविला. "ती या झाडाची नव्हती. ते झाड पडले," एवढेच तो म्हणाला, आणि ॲल्युमिनियमचा एक डबा भरून आमच्या हातात दिला. "दुपारच्या आत संपव. झाकण घट्ट लावू नको."

झाकण अर्थातच आम्ही घट्ट लावले. परक्याच्या मोटारीत सांडू नये म्हणून. उधव्याच्या अलीकडे ते मोठा आवाज करून उडाले आणि शेजाऱ्यांच्या गादीवर जे सांडले त्याचा वास पुढे आठवडाभर गेला नाही. डबा अर्धा उरला. घरी पोहोचेपर्यंत ऊन चढले होते आणि ताडी आंबटावली होती. सौभाग्यवतींनी नाकाला पदर लावून डबा स्वयंपाकघरात नेला. वसईकडच्या ख्रिस्ती मैत्रिणीकडून त्यांनी सांदणे शिकून घेतली होती, पण तिच्याप्रमाणे ताडी घालून ती करण्याची छाती त्यांना कधी झाली नव्हती. यीस्टवर भागवीत असत. त्या दिवशी तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि उरलेली ताडी असा मेळ बसला. संध्याकाळी जी सांदणे उकडून निघाली तशी हलकी, जाळीदार सांदणे आमच्या घरात पूर्वी झाली नव्हती. भाच्याने सात खाल्ली. आम्ही पाच. "ही उकडलेली आहेत," सौभाग्यवती म्हणाल्या, "यात शपथ मोडत नाही."

रात्री वही उघडली. शिरका झालेली बाटली, अर्धी बाटली, चिकूची वाइन, पेट्रोल, गादी धुण्याचे पैसे. हजाराच्या पुष्कळ वर गेलो होतो. ताडीच्या नावापुढे रकाना कोराच राहिला.

भाचा परत गेला. डबा घासून, पालथा घालून ओट्यावर ठेवला आहे. होळीपूर्वी तो पोहोचता केला पाहिजे; म्हाताऱ्याला लागत असेल. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करू नये अशी आमच्याकडे रीत आहे, आणि काय घालून न्यावे हे आम्हां दोघांचे गेले तीन दिवस ठरत नाही. सौभाग्यवती बेसनाचे लाडू म्हणतात. आम्हांस ते पुरेसे वाटत नाही, आणि पुरेसे काय होईल हे विचारले तर सांगता येत नाही.